शिड्या लागल्या म्हणून कळसूबाई लहान होत नाही

बाळा,

दिवाळीच्या आगेमागे तू दहा-बारा जणांना घेऊन कळसूबाईला निघाली आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी आपल्या पायांनी जाऊन उभं राहावं, ही इच्छाच चांगली आहे. पण फोनवर तू म्हणालीस, ‘आत्या, तिथे काय, पायऱ्या आणि शिड्याच तर आहेत!’ म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पायऱ्या आहेत, शिड्या आहेत, जागोजागी कठडे आहेत, वाटेत लिंबू सरबतही मिळतं. या शिड्यांनी कड्याची अडचण सोडवली. उंची, वारा, ऊन, पाऊस आणि अंधार मात्र होते तिथेच आहेत. तू पुढारी म्हणून जाते आहेस, तेव्हा हे तुला आधी कळायला हवं.

इथे लिहिलेलं सगळं माझ्या डोक्यातलं नाही. काही आमच्या वेळच्या जाणत्या डोंगरवेड्यांनी सांगितलं, काही पायथ्याच्या बारी गावातल्या म्हाताऱ्या बायांनी. मी ते जपलं, आता तुझ्या हाती देते.

आधी डोंगराची मांडणी समजून घे

कळसूबाईची उंची 1646 मीटर, म्हणजे जुन्या मापात 5400 फूट. आपला सर्वांत उंच किल्ला साल्हेर 1567 मीटरवर आहे आणि हरिश्चंद्रगड 1424 मीटरवर. दक्षिणेत केरळातलं अनामुडी 2695 मीटरचं आहे, त्यामुळे सबंध पश्चिम घाटात कळसूबाई पहिली नव्हे. महाराष्ट्रात मात्र तिच्यावर कोणी नाही.

सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण धावते आणि पश्चिमेला कोकणात कोसळते. कळसूबाई त्या धारेवर नाही. मुख्य धारेपासून पूर्वेकडे एक रांग फुटली आहे, त्या रांगेत ती आहे. पश्चिमेकडून मोजायला लाग : कुलंग, मदन, अलंग हे तीन बेलाग किल्ले, मग कळसूबाई, आणि पुढे पूर्वेला बितनगड, औंढा, पट्टा. या रांगेच्या उत्तरेला नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका, दक्षिणेला अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका. उत्तर उतारावर पडलेला पाऊस दारणेला मिळतो, दक्षिणेकडचा प्रवरेला. दोन्ही नद्या पुढे गोदावरीलाच जातात. माथ्यावर उभी राहशील तेव्हा तुझे पाय दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर असतील.

आता दगड पाहा. हा सगळा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि भाकऱ्यांची चवड रचावी तसे त्याचे आडवे थर बसले. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार आणि पदर, म्हणजे सपाट टप्पे, झाले, टणक थरांचे उभे कडे राहिले. म्हणून कळसूबाईची चढण सलग नाही. थोडा उतार, मग कडा. पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. शिड्या जिथे जिथे आहेत, तिथे तिथे एकेक टणक थर आहे. हे एकदा ध्यानात आलं की वाटेचा अंदाज तुझा तुलाच येईल. पदरावर आलीस की दम घे, पुढे कडा येणार हे नक्की.

कुठून चढायचं

तुझ्या गटासाठी एकच वाट, बारी गावाची. बारी शिखराच्या पूर्व अंगाला आहे. मुंबईकडून येणाऱ्यांनी कसाऱ्यापर्यंत लोकल किंवा इगतपुरीपर्यंत लांब पल्ल्याची गाडी धरावी, मग घोटी. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता रांगेची खिंड ओलांडून थेट बारीत उतरतो. या रस्त्याला एसटी आणि जीप दोन्ही मिळतात, पण परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर विचारून घ्यायची. संध्याकाळी विचारून उपयोग नसतो. पुण्याकडून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असं यावं. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाशेजारचं बाजाराचं गाव. तिथून बारी अगदी जवळ.

बारीच्या शेजारी जहागीरदारवाडी आहे. तिथूनही वाट चढते, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बारीचीच धरावी. उत्तरेला इगतपुरी तालुक्यात इंदोरे गाव आहे. त्या बाजूने येणारी वाट अवघड आहे, मळलेली नाही, सोबत वाट माहीत असलेला माणूस हवाच. अलंग-मदन-कुलंगकडून रांगेने कळसूबाईला येणारेही असतात. ते दोर वापरता येणाऱ्यांचं काम. त्यांचे फोटो पाहून कोणी ‘आपणही तिकडूनच जाऊ’ म्हणालं, तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 साली ते जाहीर झालं. प्रवेशाची नोंद करायची, शुल्क भरायचं, आणि चौकीवरच्या माणसाला दोन प्रश्न विचारायचे : आज वर हवा कशी आहे, आणि मुक्कामाचे, शेकोटीचे सध्याचे नियम काय आहेत. कोणी इंटरनेटवर काय लिहिलंय त्यापेक्षा त्याचं उत्तर खरं.

वाटेचे टप्पे

बारीपासून माथ्यापर्यंत आठशे मीटरच्या वर चढाई आहे, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार फूट. सरावाच्या माणसाला अडीच तास, नवख्या गटाला साडेतीन-चार. तू चार धर. उतरायला तीन धर. माथ्यावर एक. झाले आठ तास, आणि त्यात शिडीपाशी लागणारी रांग धरलेलीच नाही.

गाव सोडलं की ओढा लागतो, मग भातखाचरं. खाचरांच्या बांधावरून चालताना एका ओळीत चाला. बांध तुडवला की फुटतो, आणि तो पुन्हा घालायला त्या घरातल्या माणसांचा अख्खा दिवस जातो. पुढे पायथ्याशी कळसूबाई देवीचं एक देऊळ आहे. ज्यांना वर जाणं झेपत नाही, ते इथेच नमस्कार करतात. तुझ्या गटात कोणाला इथेच धाप लागली असेल, तर त्याच्याशी इथेच बोल. पहिल्या शिडीखाली थांबवण्यापेक्षा देवळापाशी थांबवणं सोपं असतं आणि त्याचा मानही राहतो.

मग पायऱ्या आणि चढ. त्यानंतर पहिली शिडी. अशा तीन-चार लोखंडी शिड्या वाटेत आहेत, त्यांच्यामध्ये पदर आणि दमछाक करणारे चढ. शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. इतक्या उंचीवर विहीर पाहून पोरं हरखून जातात, आणि त्यांना माथा आता आलाच असं वाटतं. खरंच आलेला असतो, पण शेवटची शिडी वाऱ्यात असते. विहिरीपाशी सगळ्यांना दहा मिनिटं बसव, काहीतरी खायला घाल, मगच पुढे काढ.

वाटेतल्या एका जागेला थाळेमेळ म्हणतात. कळसू नावाची कोळ्यांची मुलगी इंदोऱ्याच्या पाटलाकडे कामाला राहिली होती. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, एवढीच तिची अट. एकदा पाटलाने तेच काम सांगितलं, तशी ती भांडी टाकून डोंगरावर निघून आली आणि पुन्हा खाली गेली नाही, अशी इकडची कथा आहे. तिने भांडी टाकली ती ही जागा. आपल्या शब्दाला जागणाऱ्या मुलीला या लोकांनी देवी मानलं, हे तुझ्या मैत्रिणींना जरूर सांग.

कोणत्या दिवसांत

जून ते ऑगस्ट डोंगर ढगात असतो. घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा भाग. पूर्वेला पाथर्डी-कर्जतकडे लोक पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात, आणि इथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. या दिवसांत कातळावर शेवाळ, पायऱ्यांवरून वाहतं पाणी, ओढ्याला अचानक येणारा लोंढा, आणि माथ्यावर माणसाला ढकलणारा वारा. पावसाळ्यातच जायचं असेल तर एक नियम पाळायचा : जाताना ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही, आणि वर असताना मुसळधार सुरू झाली तर खालचा ओढा चढणार हे धरून लवकर उतरायला लागायचं. ओढा चढलेला दिसला तर ओसरेपर्यंत अलीकडेच थांबायचं. असं पाणी बहुधा काही तासांत ओसरतं.

सप्टेंबरअखेरीला पदरांवर सोनकी फुलते आणि सगळा उतार पिवळा होतो. नवरात्रात माथ्यावर यात्रा असते. तेव्हा भक्तिभावाने जायचं असेल तर अवश्य जा, पण शिड्यांवर अतोनात गर्दी असते. लहान मुलं आणि नवखे घेऊन ते दिवस नकोत. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. हवा स्वच्छ, वाट कोरडी, उन्हाचा त्रास कमी. मार्चनंतर ऊन चटका देतं, गवत वाळून वणव्याची भीती असते आणि उतारावर मुरमाचा घसारा होतो. मेअखेरीला पहिल्या पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या आसपास काजवे पाहायला लोक येतात. तेव्हा रस्ते गाड्यांनी तुंबलेले असतात, ते दिवस चढाईसाठी सोडून दे.

आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळ. एका शिडीपाशी गर्दी साचली की तासभर सहज जातो. हा तास तुझ्या परतीच्या उजेडातून वजा होतो.

वेळेचं गणित

बारी पूर्वेला आहे म्हटलं ना, याचे दोन परिणाम लक्षात ठेव. सकाळचं ऊन थेट चढणाऱ्याच्या पाठीवर येतं. म्हणून उजाडताच निघायचं, म्हणजे ऊन तापायच्या आत अर्ध्याहून जास्त चढण मागे पडते. आणि दुपार कलली की सूर्य डोंगराआड जातो. घड्याळात सूर्यास्त व्हायला अवकाश असला तरी बारीच्या वाटेवर सावली आधीच उतरते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी साडेपाचला तिथे पायाखालचा दगड नीट दिसत नाही. तेव्हा दुपारी एक वाजता जिथे असशील तिथून परत फिरायचं. माथा शंभर पावलांवर असला तरी. हे निघायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेव. वर गेल्यावर सांगितलं की वाद होतो.

रात्री चढून सूर्योदय पाहायची हल्ली पद्धत पडली आहे. तुमच्या पहिल्या खेपेला ते नको. अंधारात शिडीचा पहिला गज चाचपत शोधायचा, झोप झालेली नाही, खालून वीस जण घाई करताहेत. दिवसा एकदा वाट पायाखालून गेली की मग पुढच्या वेळी विचार कर.

शिडीवर कसं वागायचं

हा भाग दोनदा वाच. शिडीला चढायला लागण्यापूर्वी काठी आणि कॅमेरा पिशवीत, मोबाइल बंद खिशात. दोन हात आणि दोन पाय, या चारांपैकी तीन नेहमी लोखंडावर हवेत. एक सुटला की बाकीचे तीन घट्ट. पुढचा माणूस पूर्ण वर पोचून बाजूला झाल्याखेरीज मागच्याने पाय ठेवायचा नाही. शिडीखाली उभं राहायचं नाही, वरून दगड येतो, पाण्याची बाटलीही येते. दगड सुटला तर ‘दगड! दगड!’ असं मोठ्याने ओरडायचं. खालच्याने वर मान करून पाहायचं नाही, कड्याला चिकटायचं.

उतरताना तोंड शिडीकडेच ठेवायचं. पायऱ्यांसारखं पाठ करून उतरणारे पुष्कळ दिसतील, त्यांच्याकडे पाहू नकोस. एखाद्याला दृष्टिभय वाटलं, पाय लटपटायला लागले, तर हसायचं नाही आणि ‘काही नाही रे’ असंही म्हणायचं नाही. एक जण त्याच्या लगेच खाली, एक लगेच वर, आणि ‘आता डावा पाय, आता उजवा’ असं शांत आवाजात सांगत न्यायचं. अशा वेळी खालच्याने सुरक्षित अंतराचा नियम मोडून त्याचे पाय गजावर टेकवून द्यायला हरकत नाही, पण ती व्यक्ती अनुभवीच हवी.

पावसात लोखंड निसरडं होतं आणि हिवाळ्याच्या पहाटे बर्फासारखं गार असतं. हाताला पातळ, पकड असलेले मोजे असले तर बरं. पायात तळाला खोल खाचा असलेले बूट. गुळगुळीत तळाचे पळायचे बूट ओल्या कातळावर साबणावर पाय ठेवल्यागत सरकतात, म्हणून नवे घेताना दुकानात तळ उलटा करून बघ. नवे बूट थेट डोंगरावर काढायचे नाहीत, आधी पंधरा दिवस घालून फिर. निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं काप. उतरायला लागण्यापूर्वी नाड्या घट्ट आवळ, म्हणजे बोटं पुढे घासून नखं काळी पडत नाहीत.

पाणी, खाणं, पिशवी

माणशी तीन लिटर पाणी. वाटेत मिळेल, वर विहीर आहे, असं कोणी म्हणेल. विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिचं पाणी खाली जातं, आणि ते न उकळता किंवा न गाळता पिऊ नये. आणलेलं पाणी तहान लागायच्या आधीपासून घोट-घोट प्यायचं. नुसतं पाणी पीत राहिलं की पायात गोळे येतात, मीठही लागतं. कोकम सरबत किंवा क्षारांची पावडर सोबत हवी. खायला गूळ-शेंगदाणे, दशमी, खजूर, उकडलेले बटाटे. तेलकट, तिखट पुड्या खाली गाडीतच राहू देत.

पिशवीत प्रत्येकाचा डोक्याला लावायचा टॉर्च हवा. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो आणि शिडीवर दोन्ही हात लागतात. एक उबदार आणि वारा अडवणारं जाकीट, ऑक्टोबरात गेलात तरी. बारीपेक्षा माथ्यावर पाचेक अंश कमी तापमान असतं, आणि घामाने भिजलेल्या अंगावर वारा आला की माणूस थरथरायला लागतो. वर पोचताच आधी ओला शर्ट बदलायचा, मग फोटो. शिटी, प्रथमोपचाराची पेटी, क्रेप बँडेज, ज्याची त्याची औषधं. ज्याला दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्याने तुला आधी सांगायचं, आणि डॉक्टरांना विचारूनच यायचं.

माणसं कशी न्यायची

सर्वांत हळू चालणारा तुझ्या लगेच मागे. शेवटी अनुभवी माणूस, त्याच्या मागे कोणीही नाही. चालताना गप्पा मारता येतील इतकाच वेग. बोलता बोलता दम लागला तर वेग जास्त आहे. अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटं थांबा, त्याहून जास्त नको, अंग गार पडतं. प्रत्येक थांब्यावर डोकी मोज. वाट फुटली तिथे मागचा दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. जो परत फिरतो त्याच्याबरोबर एक जण परत फिरतो, एकट्याला सोडायचं नाही.

बारीतला एक माणूस वाट दाखवायला सोबत घे. ‘वाट तर सरळ आहे’ असं कोणी म्हणेल. ढग उतरले की दहा पावलांवरची शिडी दिसत नाही, तेव्हा त्याची किंमत कळते. शिवाय तो आभाळ ओळखतो. तो ‘आता चला’ म्हणाला की उठायचं, कारण विचारत बसायचं नाही.

घरी कोणाला तरी लिहून ठेव : कुठली वाट, किती जण, किती वाजेपर्यंत फोन येईल. डोंगरात मोबाइल लागेलच असं नाही. लागला तर मदतीला 112, रुग्णवाहिकेला 108. पण सर्वांत आधी पोचणारी मदत गावाचीच असते. म्हणून गावातल्या कोणाचा तरी नंबर घेऊन ठेव.

वीज आणि मोहोळ

दोन गोष्टींना मी खरोखर घाबरते. पहिली वीज. ऑक्टोबरात आणि मेमध्ये दुपारनंतर ढग चढतात. लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोज. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज तुझ्यापर्यंत पोचू शकते. माथा सोडायचा, लोखंडी कठडे आणि शिड्यांपासून दूर व्हायचं, एकट्या झाडाखाली जायचं नाही. खालच्या पदरावर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्यावरच शिडीला हात लावायचा. शिडीवर असतानाच वीज आली तर पर्याय राहत नाही, म्हणून आभाळ काळं दिसलं की आधीच उतरायला लागायचं.

दुसरी गोष्ट आग्या मोहोळ. कड्यांना पोळी असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड मारणं यांनी माश्या उठतात. अत्तर लावून यायचं नाही, कड्याखाली कोणी सिगारेट ओढायची नाही. माश्या उठल्याच तर हात झाडत बसायचं नाही, तोंड झाकून तिथून दूर जायचं. शिडीवर असशील तर आधी हात घट्ट.

माथ्यावर

माथा लहान आहे. देवीचं छोटं देऊळ, आणि चारी बाजूंनी उघडं आभाळ. चपला-बूट काढून दर्शन घे. हे देऊळ इथल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांचं श्रद्धास्थान आहे. तिथे मोठ्याने गाणी नकोत, दारू तर विचारातही नको.

मग सगळ्यांना चारी दिशा दाखव. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. दक्षिणेला खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसेल. 1926 साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाने प्रवरा अडवून झालेला तो जलाशय. त्याच्या पलीकडे रतनगड, आणखी दूर हरिश्चंद्रगड. पूर्वेला पट्टा. 1679 साली जालन्याची मोहीम आटोपून शिवाजी महाराज तिथे विश्रांतीला थांबले, म्हणून तो विश्रामगड. उत्तरेला इगतपुरीचं पठार, त्यामागे अंजनेरी आणि त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी. हवा फार स्वच्छ असली तर सातमाळा रांगेतला धोडपही ओळखू येतो. एवढं एकाच जागेवरून पाहायला मिळतं, त्यासाठी नकाशा सोबत ठेव. मोबाइलवर आधीच उतरवून घेतला तरी चालेल.

माकडं पिशव्या ओढतात. त्यांना खाऊ घालू नये. खायची सवय लागलेलं माकड पुढच्या माणसाच्या अंगावर जातं, आणि पुढचा माणूस कदाचित शिडीवर असतो.

गाव आपलं मानायचं

खाली आल्यावर जेवण बारीतच करा. आदल्या दिवशी सांगितलं तर घराघरांत भाकरी, पिठलं, भात मिळतो. दर ठरवताना घासाघीस करू नका. पावसाळ्यातलं एक पीक आणि येणारी-जाणारी माणसं, यांवर ही घरं चालतात. नागली, वरई, देशी वाण विकत मिळाले तर घ्या. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. त्या मातीतलं धान्य आहे हे.

आणि पाणी जपून. इतका पाऊस पडूनही तो कातळावरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यात डोंगराखालच्या वाड्यांतल्या बायांना हंडे घेऊन लांब जावं लागतं. गावाच्या विहिरीवर अंघोळी आणि बूट धुणं हे मी तुझ्या गटाकडून ऐकता कामा नये.

प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं खाली आणायचं. वाटेत दिसलेलं दुसऱ्याचं थोडंही आणलं तर चांगलंच. वर टाकलेली बाटली कोणीतरी पाठीवरच खाली आणतं, आणि ती बहुधा बारीतलीच एखादी बाई असते.

एवढं सगळं जमलं की मग कळसूबाई आपली वाटते. नोव्हेंबरातला आठवड्याच्या मधला एखादा दिवस ठरव, आदल्या संध्याकाळी बारीत मुक्काम कर, उजाडताच निघ, आणि एक वाजता फिरायचं हे कोणी कितीही गळ घातली तरी सोडू नकोस. सगळी डोकी मोजून गाडीत बसलीस की मला फोन कर.

तुझी आत्या